तुमचे गाव कसे आहे?

परक्या गावात पाऊल टाकले की माणसाला पहिला शब्द लागतो तो 'कुठे'. भूक लागली असेल तर पोटावर हात ठेवावा, तहान लागली असेल तर ओंजळ पुढे करावी. समोरचा समजून घेतो. पण बसस्थानक कुठे आहे, हे कोणत्या खुणेने विचारणार? त्याला शब्दच हवेत. आणि नुसता प्रश्न विचारता येऊन भागत नाही. उत्तर कळावे लागते. प्रश्न आपण पाठ करून गेलेलो असतो. उत्तर देणारा मात्र आपला पाठ वाचून आलेला नसतो!

आपल्याकडे तर वाट विचारणे हा एक छोटासा समारंभच असतो. "पाटलांचा वाडा कुठं हो?" असे विचारावे, तर आधी आपलीच उलटतपासणी होते. "कुठले तुम्ही? पाटलांचे कोण? एस. टी.नं आलात का?" ही उत्तरे समाधानकारक वाटली, म्हणजे मग "हा काय, इथंच तर आहे पलीकडं" असे आश्वासन मिळते. या 'पलीकडं'ची लांबी अर्ध्या फर्लांगापासून दोन कोसांपर्यंत कितीही असू शकते, हे शहाण्या प्रवाशाने गृहीत धरून चालावे.

हा सगळा समारंभ इंग्रजीत करायचा झाला तर? कोणी म्हणेल, मराठीच्या मास्तराला ही चौकशी कशाला? पण या वर्षी श्रावणाच्या अखेरीस चार दिवस राहात्याला राहण्याचा योग आला, आणि तिथे ज्या गोष्टीची मला कल्पनाही नव्हती ती पाहायला मिळाली. ('राहात्याला राहण्याचा' हे मी मुद्दाम लिहिले आहे. असली कोटी आयती समोर आली की मराठीच्या मास्तराचा हात आवरत नाही. राहात्याच्या लोकांनी ती जन्मभर ऐकलेली असल्यामुळे ते बिचारे हसल्यासारखे करतात.)

राहाता म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. नगरकडून निघाले की राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर अशी गावे मागे टाकीत रस्ता राहात्यात शिरतो, आणि पुढे साकुरीवरून अवघ्या पाच-सहा किलोमीटरांवर शिर्डीला पोचतो. महसुली हिशेबाने शिर्डी ही राहाता तालुक्यातलीच. पण मुलगी फार नावारूपाला आली म्हणजे आईला जशी 'अमकीची आई' म्हणून ओळखतात, तशी राहात्याची गत झाली आहे. "राहाता कुठे आले?" असे कोणी विचारले, की पुण्याकडचा माणूस चटकन सांगतो, "शिर्डीच्या अलीकडे." नाशिककडचा सांगतो, "शिर्डीच्या पलीकडे." स्वतःच्या जागेवर राहाता आहे, असे कोणीच सांगत नाही!

वास्तविक गाव स्वतःच्या जागेवर भक्कम उभे आहे. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा. पण गोदावरीवर नांदूरमधमेश्वरला बंधारा घालून काढलेले कालवे इंग्रजी अमदानीत या मुलखात आले आणि जिराईत मातीचे नशीब पालटले. गावकरी त्याला कालवा म्हणत नाहीत, पाट म्हणतात. पाटाच्या पाण्यावर ऊस आला, आणि उसापाठोपाठ कारखाने आले. याच तालुक्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० साली त्याची चाके फिरू लागली आणि सहकाराच्या इतिहासात लोणीचे नाव कायमचे लागले. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गोदाकाठी पुणतांबे; तिथे चांगदेवांची समाधी आहे. २०१७ च्या जूनमधला शेतकऱ्यांचा संप याच पुणतांब्यातून उठला. आणि खुद्द राहात्याची प्रसिद्धी पेरूंची. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायका मोटार थांबली की पेरूची फोड मीठ-तिखट लावून पुढे करतात. ती खाल्ल्यावर "नको" म्हणणारा प्रवासी मी तरी पाहिला नाही.

शिर्डीच्या साईबाबांचाही राहात्याशी मोठा घरोबा. शिर्डीत आल्यावर निमगाव आणि राहाता यांच्या पलीकडे ते कधी गेले नाहीत, असे साईसच्चरितात सांगितले आहे. झेंडूची आणि जाईजुईची रोपे ते राहात्याहून आणीत आणि शिर्डीत लावीत, असाही उल्लेख त्यात आहे. गंमत पाहा: ज्याचे जग दोन-तीन गावांचे होते, त्याला भेटायला आज सारा देश लोटतो. आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, कर्नाटक इथले लोक तर घरच्या देवाला यावे तसे येतात. आणि त्यातला प्रत्येक जण काही ना काही विचारतो. कुठे, किती लांब, कोणत्या वाटेने, जवळपास पाहण्यासारखे काय आहे?

माझ्या मित्राचा वर्ग या प्रश्नांतूनच निघाला. हा माझा जुना वर्गबंधू. राहात्यात इंग्रजीचा शिक्षक. दिवसा शाळा करतो आणि संध्याकाळी पंधरा-वीस तरुण मुलामुलींना बोलण्यापुरते इंग्रजी शिकवतो. शिर्डीला भाड्याची मोटार चालवणारे दोघे, हॉटेलात काम करणारे चौघे-पाच, पेरूच्या दुकानावर बसणारा एक, आणि बाकीची पदवी पदरात पडूनही नोकरी न लागलेली मुलेमुली. "चल, बघ तर खरा," म्हणून त्याने मला नेऊन मागच्या बाकावर बसवले.

भिंतीवर एका पुस्तकातला नकाशा लावला होता. एक चर्च, त्याच्या शेजारी बेकरी, बेकरीसमोर ग्रंथालय, कोपऱ्यावर बँक आणि मध्ये बाग. अशा नकाशावर बोट ठेवून "व्हेअर इज द लायब्ररी?" म्हणून विचारायचे, आणि "इट इज ऑपोझिट द बेकरी" असे उत्तर द्यायचे. जगभर इंग्रजी शिकणारी मुले हा धडा गिरवतात. त्या कागदी गावात कोणी राहत नाही, पण वाट मात्र सगळ्यांना ठाऊक असते!

मित्राने तो नकाशा उतरवून ठेवला आणि फळ्यावर एक उभी रेघ ओढली. "हा नगर-मनमाड रस्ता. आता बोला." दोन मिनिटांत फळ्यावर बसस्थानक आले, तहसील कचेरी आली, पाट आला, बाजारतळ आला, पिठाची गिरणी आली. गिरणी डावीकडे की उजवीकडे यावरून वादही झाला. कारण एकाने शिर्डीकडे तोंड केले होते आणि दुसऱ्याने नगरकडे. मित्र शांतपणे म्हणाला, "भांडा, पण इंग्रजीत."

मग जी मजा झाली ती मी कधी विसरणार नाही. मोटार चालवणाऱ्या मुलाला वाट सांगायला उभे केले. तो छातीठोकपणे म्हणाला, "गो स्ट्रेट इन फ्रंट ऑफ युवर नोज!" नाकासमोर जाणे हा आमच्या भाषेत सद्गुण आहे, पण साहेबाला नाक मध्ये आणलेले चालत नाही. दुसऱ्याने 'हाकेच्या अंतरावर' याला इंग्रजी शब्द विचारला. मित्र म्हणाला, "त्यांच्याकडं मिनिटं मोजतात. चालत पाच मिनिटं, असं सांग." मुलगा क्षणभर विचारात पडला. "पण सर, चालणारा कोण हाये त्यावर हाये ना ते!" हाक मारणारा कोण यावरही अंतर बदलतेच, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

भाषेचा मास्तर म्हणून मला त्या तासाभरात जे दिसले ते सांगतो. आपण मराठीत पत्ता सांगतो तो बाहेरून आत. 'राहात्याच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या शेजारी.' आधी गाव, मग स्थानक, मग गल्ली, मग गिरणी. इंग्रज नेमका उलटा निघतो. शेजारी, गिरणीच्या, गल्लीत, समोर, स्थानकाच्या, राहात्यात. मराठी माणूस गावातून घरात शिरतो आणि इंग्रज घरातून निघून गावात येतो. ही उलटी चाल मुलांना एकदा दाखवून दिली, की निम्म्या चुका आपोआप जातात. नाही तर शब्द सगळे बरोबर आणि प्रवासी मात्र भलत्याच गल्लीत, असा प्रकार होतो.

दुसरी अडचण 'आहे' या आपल्या क्रियापदाची. 'गिरणी पाटाजवळ आहे' यातही आहे, 'राहात्यात दोन गिरण्या आहेत' यातही आहे, आणि 'आम्हांला एक गिरणी आहे' यातही तेच. एका शब्दावर आपण स्थान, अस्तित्व आणि मालकी हे तिन्ही संसार चालवतो. इंग्रजीत तिघांच्या तीन चुली. एकीला 'इज', दुसरीला 'देअर आर', तिसरीला 'हॅव'. पेरूच्या दुकानावरचा मुलगा गिऱ्हाइकांना "इन राहाता गुड गुड ग्वाव्हाज आर" असे सांगत असे. पेरू खपत होते, ही गोष्ट वेगळी.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडणारी. "व्हेअर इज द बस स्टँड?" हा प्रश्न रोखठोक, पण अनोळखी माणसाला अदबीने विचारायचे तर "कॅन यू टेल मी व्हेअर द बस स्टँड इज?" असे म्हणायचे. इथे 'इज' उडी मारून शेवटी जाऊन बसते. बहुतेक देशांतली मुले इथे अडखळतात. पण हॉटेलातला एक पोरगा आनंदाने ओरडला, "सर, हे आपल्यासारखं झालं! बसस्थानक कुठं आहे!" अगदी खरे. अदबीने बोलू लागला, की इंग्रजही क्रियापद शेवटी ठेवतो. माझ्यासारख्या मराठीच्या अभिमान्याला तेवढेच बरे वाटले!

त्याच मुलांना तेलुगू मात्र कोणी शिकवलेले नाही. शिर्डीच्या बाजारात फुले-प्रसाद विकता विकता त्यांनी ते कानांनी उचलले. तेलुगूत 'एक्कड' म्हणजे कुठे, 'इक्कड' म्हणजे इथे आणि 'अक्कड' म्हणजे तिथे. सुरुवातीला एका पोराला कोणी "एक्कड?" म्हणून विचारले, की तो "हां, इकडे, इकडे" म्हणत गिऱ्हाइकाला आपल्याच दुकानात आणून बसवी. धंदा झाला, आणि भाषाही आली.

इंग्रजी शिकवण्याच्या रीती आपल्याकडे कितीदा बदलल्या! आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. एक वाक्य मराठी, एक वाक्य इंग्रजी. व्याकरण पक्के, पण तोंड बंद. पुढे १९५८ साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था निघाली आणि वाक्यांच्या साच्यांचा जमाना आला. मास्तरांनी लेखणी उचलून 'धिस इज ए पेन' म्हणायचे आणि वर्गाने ते ओरडायचे. लेखणी सर्वांना दिसत असताना ती लेखणी आहे हे सांगायचे कशाला, असे मात्र विचारायचे नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांत एक वेगळा प्रयोग केला. मुलांना व्याकरण न सांगता नकाशे, आगगाड्यांची वेळापत्रके अशा गोष्टी पुढे ठेवायच्या आणि त्यांतले कोडे सोडवायला लावायचे. डोके कोड्यात गुंतले की भाषा आपसूक येते, हे त्यांचे सूत्र. त्या प्रयोगाची दखल साऱ्या जगाने घेतली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. एवढे होऊनही पदवी घेतलेली मुलगी मुलाखतीत गप्प का बसते, हा प्रश्न उरतोच.

तशी एक मुलगी त्या वर्गात होती. घर अस्तगावच्या बाजूला वस्तीवर. शिर्डीच्या एका हॉटेलात स्वागतकक्षातली जागा निघाली म्हणून ती मुलाखतीला गेली होती. तिथे तिला विचारले, "व्हॉट इज युवर प्लेस लाइक?" तिने उत्तर दिले, "येस, आय लाइक माय प्लेस व्हेरी मच." समोरचे हसले. मग ते म्हणाले, "बरे, गावाबद्दल काही सांगा." तेव्हा ती म्हणाली, "देअर इज नथिंग इन माय व्हिलेज." मुलाखत तिथेच संपली. घरी दुसरा मिळवता माणूस नाही; वडिलांचे गुडघे गेलेले, धाकटा भाऊ शिकणारा. तिला त्या नोकरीची गरज होती, हौस नव्हती.

पहिल्या उत्तरातली चूक ही एका शब्दाची. 'लाइक' म्हणजे आवडणे, आणि 'लाइक' म्हणजे सारखे, हे दोन्ही इंग्रजीत एकाच वेषात हिंडतात. 'तुमचे गाव कसे आहे' असे विचारले होते, आणि तिने 'आवडते का' असे ऐकले. ही चूक पाच मिनिटांत सुधारता येते. पण दुसरे उत्तर? माझ्या गावात काहीच नाही! मित्र मला म्हणाला, "वर्गात येणारं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी हेच वाक्य बोलतं. हे इंग्रजी मी कसं सुधारू? व्याकरणाच्या दृष्टीनं ते बिनचूक आहे."

मी त्या मुलीला म्हटले, "अगं, इंग्रजी राहू दे. मला मराठीत सांग बघू, तुझी वस्ती कशी आहे?" ती थोडी थांबली आणि सुरू झाली, "माझं गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं आहे. गावाभोवती हिरवीगार वनराई आहे..." मी तिला थांबवले. या मुलखात वनराई कुठली? ते वाक्य अस्तगावचे नव्हते. निबंधाच्या पुस्तकातले होते. आणि तिथे माझे डोळे उघडले. भिंतीवरच्या चर्च-बेकरीला आपण हसतो. पण आमच्या मराठी निबंधातला तो झुळझुळणारा ओढा तरी कोणाच्या गावचा? पर्जन्यछायेतल्या मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या आपण कोकणातला देखावा लिहून घेत आलो. इंग्रजीने त्यांना परके गाव दिले आणि मराठीनेही परकेच दिले. मग स्वतःच्या गावात काहीच नाही, असे त्यांना वाटले तर नवल काय!

आणि आपली मराठी या बाबतीत काही दरिद्री नाही. महानुभावांची 'स्थानपोथी' ही चौदाव्या शतकातली. श्रीचक्रधर जिथे जिथे गेले-राहिले त्या जागा कुठे आहेत, कोणत्या दिशेला आहेत, कशाच्या शेजारी आहेत, एवढेच सांगण्यासाठी हा ग्रंथ रचला गेला. सहाशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूने त्यावरून वाट शोधावी, इतका तो नेमका. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले, तेही रस्ते, तळी, बाजार, दुकाने मोजून. वनराईची गरज त्यांना भासली नाही.

"बरं, सकाळी उठल्यावर दारातून काय दिसतं?" मी विचारले. मुलगी आता आपल्या बोलीत बोलू लागली. "दारातून मका दिसतो. मक्याच्या पल्याड पाट. पाटाला पाणी आलं की रात्रीच कळतं, बेडकं वरडत्यात. आधी तिथं आमची पेरूची बाग होती. मर लागली. एकेक झाड वाळत गेलं, मग दादांनी दोन वर्षांखाली सगळी तोडली. बांधावर एकच ठेवलं, आजीनं लावलेलं. त्याचे पेरू आम्ही इकत नाय. आल्यागेल्याला देतो."

वर्ग चिडीचूप झाला होता. मित्राने खडू उचलला आणि म्हणाला, "आता हेच इंग्रजीत." आणि 'देअर इज', 'देअर आर', 'देअर यूज्ड टू बी' असे करीत, सगळ्यांनी मिळून तिची वस्ती फळ्यावर उभी केली. 'मर'ला काय म्हणायचे यावर अडले, तेव्हा पेरूवाला मुलगा म्हणाला, "विल्ट! औषधाच्या पुडक्यावर असतं." 'यूज्ड टू बी' हा प्रयोग मुले महिनाभर चुकत होती, असे मित्र सांगत होता. त्या दिवशी तो कोणी चुकले नाही. पूर्वी बाग होती, आता नाही. हे सांगायला तो लागतो, हे त्यांना पटले होते.

परवा मित्राचा फोन आला. त्या मुलीने दुसऱ्या एका हॉटेलात मुलाखत दिली. तिथे गावाबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. संगणकावर पावती करता येते का, एवढेच विचारले! जागा मिळाली. आता पाहुणे तिला तीन प्रश्न विचारतात. गरम पाणी किती वाजता, दर्शनाची रांग किती लांब, आणि जवळपास पाहण्यासारखे काय आहे. पहिल्या दोन प्रश्नांना ती एका वाक्यात उत्तर देते. तिसऱ्याला पाच मिनिटे घेते. साकुरी, लोणी, पुणतांबे आणि पेरू सगळे सांगून होते. व्यवस्थापक अधूनमधून घड्याळाकडे बघतात, असे कळते.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कित्येक जण मुलांना घेऊन गावी जातील. आपली शहरातली मुले इंग्रजी फाडफाड बोलतात, याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो असावाही. पण परतीच्या गाडीत एकदा त्यांना विचारून पाहा, कोणत्याही भाषेत चालेल: आपले गाव कसे आहे? दारातून काय दिसते? विहीर कोणत्या बाजूला? आणि "छान आहे" असे उत्तर आले, तर पुन्हा विचारा.